पिवळ्या खोलीतली कॉट

८ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या ऑफिसचा दरडींचा नकाशा आमच्या रस्त्यावरच्या फळ्यावर लागला. माझी मुलगी करते हे काम, असं चार जणांना ऐकवलं आणि मग चष्मा पुसून आपलं घर शोधलं. स्वयंपाकघर आणि मागची खोली लाल, पुढची खोली पिवळी. रंग बदलतो तो नेमका मधल्या दारात. तुझी आई अंथरुणाला खिळलेली आणि तिची कॉट मागे, लालमध्ये! तिला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, चित्रकलेत काठावर पास होणारी पोरगी आता डोंगर रंगवते होय? तिला चेष्टा सुचते, माझा जीव टांगणीला लागलाय. मी पडलो चौथी शिकलेला. नीट समजावून लिही.
तुझा घाबरट बाप

१४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. पूर्वी कुठे कुठे दरड कोसळली, तिथला उतार किती, माती कसली, पाऊस किती, हे सगळं मांडून आम्ही हिशेब करतो. तशाच दुसऱ्या जागा लाल होतात. लाल म्हणजे पडणारच असं नाही, धोका जास्त एवढंच. पिवळ्यात तो कमी. आईला घेऊन माझ्याकडे या. जिना अरुंद आहे, पण चौघं मिळून तिला वर आणू. आईला सांगा, रंग कॉम्प्युटर भरतो, म्हणून तरी रेघेबाहेर जात नाही.
तुमची ठमी

२० जून

चि. ठमीस,
आशीर्वाद. पत्र पोचलं, डोक्यावरचं ओझं उतरलं. पिवळ्यात धोका कमी, हे तू स्वतःच लिहिलंस. शेजारच्या सुताराला हाताशी धरून तुझ्या आईची कॉट पुढच्या खोलीत आणली. कपाट मागे ढकललं. आता ती अख्खी पिवळ्यात आहे, पायसुद्धा! तिला हलवलं की ती कळवळते, म्हणून तुझ्याकडे यायचं पाऊस उघडल्यावर बघू. उगाच घायकुतीला येऊ नकोस, तो मान माझा.
बाबा

२४ जून

ती. बाबांस,
सा. न. बाबा, हे काय केलंत? नकाशातला एकेक चौकोन अख्ख्या मैदानाएवढा असतो. हिशेब त्या चौकोनाचा, खोलीचा नाही. रंग बदलतो तिथे जमिनीवर काहीही बदलत नाही. चूक माझीच, हे आधी लिहायला हवं होतं. दोन्ही खोल्या सोडा. रविवारी गाडी घेऊन येते. तोवर आईला डोंगरापासून लांब, आत्याच्या घरी ठेवा, हात जोडते.
ठमी

१९ जुलै

चि. ठमीस,
तू येऊन गेलीस, तेव्हा माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नाही. म्हणून आत्याच्या घरून लिहितोय. तुझं ते पत्र सगळं संपल्यावर हातात पडलं. डोंगर मागून आलाच नाही. बाजूच्या ओढ्याकडून आला आणि पुढची खोली घेऊन गेला. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो होतो. भांडी फळीवरून हललीसुद्धा नाहीत.

लोक म्हणतात, नकाशा खोटा. मी त्यांच्याशी भांडतो. खोटा नाही, मला वाचता आला नाही. तू नोकरी सोडतेस असं आत्या म्हणाली. सोड किंवा ठेव, मला आता कशातलंच काही कळत नाही.

एकच सांगायचं राहिलं. मागच्या खोलीत तुझी आई पाऊस वाजला की जागी व्हायची, माझा हात धरून ठेवायची. पुढे आणल्यावर तिनं विचारलं, इथे बरं ना हो? मी छातीठोकपणे हो म्हणालो. त्या दिवसापासून तिला गाढ झोप लागायला लागली होती. मी चहा टाकायला उठलो, तेव्हाही ती झोपलेलीच होती.

जमलं तर माया राहू दे.
बाबा