मालकाचं नाव, मोठ्या अक्षरात

३ मार्च
जिंकलो! बूटवाल्याने माझे अठ्ठेचाळीस हजार द्यायचे, असा निकाल. दोन वर्षं झाली त्याच्या दुकानाची दर्शनी भिंत, शटर, पाटी सगळं रंगवून. मी पेढे वाटायच्या बेतात, तर वकील म्हणतो, “निकाल म्हणजे कागद हो, पेंटर. वसुली आता सुरू!”
मग दोन वर्षं काय केलं आपण?
वकिलाच्या शेवटच्या फीसाठी बायकोनं शिलाई मशीन विकलंय. जुन्या सामानाचा दुकानदार भला माणूस. महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणालाय. म्हणजे माझ्याकडे अठ्ठावीस दिवस.

९ मार्च
बूटवाल्याकडे जाऊन आलो. “मी कुठून देऊ? दुकान मेहुण्याच्या नावावर आहे. मी इथं नोकर.”
नोकर! गल्ल्यावर पाय पसरून बसलेला, पंख्याचं तोंड स्वतःकडे फिरवलेला नोकर!
डोकं असं फिरलं की जेवताना बायकोवरच खेकसलो. ती म्हणाली, “अहो, मी नाही बुडवलेत तुमचे पैसे.” खरं आहे. माफी मागितली.

१४ मार्च
कोर्टाचा बेलीफ आज जप्तीला आला. माणूस काडीसारखा, वही मात्र हातभर. बूटवाल्याने कागद पुढे केले. सगळीकडे मेहुण्याचं नाव.
बेलीफ बाहेर आला, चष्मा वर केला आणि भिंतीकडे बघत राहिला. ‘मालक’ आणि खाली बूटवाल्याचं नाव, दोन फुटी अक्षरांत! तीनदा मोठं करायला लावलं होतं मला. “आणखी मोठं, पेंटर. चौकातून दिसलं पाहिजे.”
“नोकराचं नाव फारच मोठं आहे हो,” बेलीफ म्हणाला. “अठरा तारखेला पंच घेऊन येतो. कागद खरा की भिंत खरी, तेवढं ठरवून ठेवा.”
घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो.

१५ मार्च
बूटवाल्याने नावावर चुना फासला! दुपारपर्यंत पोपडे निघाले. तीन हात ऑइल पेंट मारलाय मी, चुना टिकतोय होय!

१६ मार्च
पुलाजवळच्या पेंटरचा फोन. “तुझ्या भिंतीवर नाव बदलायला बोलावलं होतं. विचारलं, पहिल्याची मजुरी दिली का? म्हणाला, ते नंतर बघू. मी ब्रश गुंडाळून घरी आलो.”
आमच्या धंद्यात हे लिहिलेलं कुठे नाही, पण पाळतात सगळे. पहिल्याचे पैसे चुकते झाल्याशिवाय त्याच्या अक्षरावर दुसरा ब्रश ठेवत नाही. आणखी दोघं पेंटर नाही म्हणाले. त्यातल्या एकाशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. मुद्दाम फोन केला त्याला. दोघंही उगाच हवापाण्यावर बोललो.

१७ मार्च
मेहुणा स्वतः घरी! सफारी, अत्तर, हातात पिशवी. मागे बूटवाला, कधी नव्हे तो हसरा.
“पैसे उद्या बेलीफसमोर मी भरतो. पण नाव लगेच बदला. ‘मालक’ खाली माझं.”
बूटवाला म्हणाला, “नावापुरतंच हो. घरातलाच माणूस.”
मला काय, मी म्हटलं, पैसे आले की कुणाचंही लिहितो.

१८ मार्च
आले! अठ्ठेचाळीस हजार, पावती, बेलीफची सही. लगेच शिडी लावली. जुनं नाव दोन हातांत गायब. खालून मेहुणा ओरडतोय, “आणखी मोठं, पेंटर!”

१९ मार्च
मशीन घरी. बायकोनं आधी धूळ पुसली, मग तेल घातलं, मग रडली. मग म्हणाली, “तुमच्या अक्षरानं पहिल्यांदा घरात काहीतरी आणलं.” मला फार फार बरं वाटलं.

२ एप्रिल
बूटवाला दारात. दाढी वाढलेली. मेहुण्याने कालपासून दुकानात पाऊल ठेवू दिलेलं नाही. “कागद माझा, भिंतीवर नाव माझं, तू कोण?” म्हणाला म्हणे.
वकिलाचा पत्ता मागितला. दिला. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.
जाता जाता उंबऱ्यात थांबला. “साक्ष द्याल का, पेंटर? तिथं आधी माझं नाव होतं म्हणून?”
बायकोनं मशीन थांबवलं. मी हो म्हणालो.