मुलाकडच्यांना घेऊन केप रेइंगा

बुध. २२ ऑक्टो. २०१४

सगळं बदललं ते आज संध्याकाळी पावणेसहाला, ऑकलंडच्या सँडरिंगहॅमला, मी काम करतो त्या दुकानात, तूरडाळीच्या रॅकसमोर. मुग्धाचे बाबा आले. सुधीरकाका. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "निखिल, लेबर डेच्या लाँग वीकेंडला नॉर्थलँडला जायचंय. आठ सीटर घेतोय भाड्याने. तू चालवशील ना? मुलाकडचे पण येतायत."

"कुठल्या मुलाकडचे?"

"अरे, मुग्धासाठी! वेलिंग्टनला असतो, आयटीत. आईवडील पुण्याहून आलेत फिरायला. घरात पोहे चिवडत बसण्यापेक्षा फिरता फिरता बघतील एकमेकांना. मोकळेपणाने."

मोकळेपणाने! आणि मी काय म्हणालो? "हो काका, चालवतो." दीड वर्ष झालं माझं आणि मुग्धाचं. वर इथल्या पोरांसारखं "स्वीट ॲज", म्हणजे एकदम मस्त, पण म्हणालो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

शुक्र. २४, पाडवा

मुग्धा दुकानामागे पार्किंगमध्ये भेटली, दहा मिनिटं. (यापुढे नुसतं मु. पूर्ण नाव लिहिताना अक्षर बिघडतं.) नवीन निळा कुर्ता. मुलाकडच्यांसाठी घेतला का विचारलं. म्हणाली, दिवाळीचा आहे, गाढवा.

म्हणाली, "मी सांगते बाबांना. ट्रिपमध्येच. घरी ते ओरडतात. लोकांसमोर नाही ओरडत."

"कधी?"

"रेइंगाला पोचेपर्यंत. नक्की."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"निख्या, तू इंजिनिअरिंग का सोडलंस, ह्याचं काहीतरी धड उत्तर दे मला. ते पहिलं हेच विचारणार."

धड उत्तर काय द्यायचं? दुसऱ्या वर्षाला ट्यूटरशी वाजलं, उठून आलो, परत गेलो नाही. दोन वर्षं झाली. ह्यात धड काय आहे.

रेइंगापर्यंत. देशाचं उत्तर टोक. म्हणजे रविवार दुपार.

शनि. २५, भाऊबीज. पाइहियाचं मोटेल

क्रमाने लिहितो.

सकाळी सातला निघालो. पुढे माझ्याशेजारी मुलाचे बाबा. मागे दोन्ही आया, सुधीरकाका, सगळ्यात मागे मु. आणि तो. सौरभ. आरशात अर्धा तो, अर्धी ती. मुलाचे बाबा फांगारे गाव येईपर्यंत घोरले, उठले आणि म्हणाले, "रस्ते चांगलेत, पण माणसं कुठेयत?"

कावाकावाला थांबलो. इथले सार्वजनिक संडास बघायला लोक लांबून येतात. रंगीत फरशा, बाटल्यांच्या भिंती. मुलाच्या आईने आत जाऊन व्हिडिओ काढला! संडासाचा! पुण्याच्या ग्रुपवर टाकला. मु. हसली. त्याच्याकडे बघून हसली.

दुपारी वायटांगी. इंग्रज आणि माओरींचा करार झाला ती हिरवळ, पांढरं घर, कोरीवकामाचं सभागृह, वाका म्हणजे लांबच लांब लढाईची होडी. समोर समुद्र इतका निळा की संताप यावा. गाइड बाई माओरी होती, छान सांगत होती. कराराचा इंग्रजी मजकूर वेगळा, माओरी मजकूर वेगळा, कोणी नक्की कशाला होकार दिला ह्यावर अजून भांडण चालू आहे. सुधीरकाका मध्येच, "टॉयलेट कुठेय?" मुलाचे बाबा होडीला टेकले, तर तिने नम्रपणे उठवलं. ह्यांना रेघ काय, दोर काय, काही दिसत नाही. लाज वाटली. मी मुद्दाम दोन पावलं लांब उभा राहिलो, जसा काही मी ह्यांच्याबरोबर नाहीच. ड्रायव्हर तर ड्रायव्हर.

मग संध्याकाळी सहा. मोटेल. फराळाचे डबे उघडलेले. काकू, म्हणजे मु.ची आई, टाळी वाजवून म्हणाल्या, "अहो, आज भाऊबीज! मुग्धाला भाऊ नाही आणि निखिलला बहीण नाही. कसं जुळून आलं बघा! मुग्धा, ओवाळ गं त्याला."

मी हसलो. मला वाटलं गंमत चालली आहे.

पाट नाही म्हणून कार्पेटवर अंघोळीच्या टॉवेलची घडी. मोटेलची पांढरी बशी, त्यात टी-लाइट, सुपारी, पर्समधल्या डबीतलं कुंकू. सगळी तयारी होती! सुपारी कोण नेतं ट्रिपला? स्मोक अलार्म वाजू नये म्हणून सौरभ त्याच्याखाली उभा राहून पुठ्ठा हलवतोय. मुलाची आई, "किती छान हो, परदेशात राहून सगळं करता तुम्ही." काकू माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

मु.ने बशी घेतली. मान खाली. कुंकू लावताना बोट गार होतं. ओवाळलं. तीनदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलाच्या बाबांनी फोटो काढला, आणि मी खिशात हात घालून वीसची नोट बशीत टाकली. टाकली!

कपाळ धुतलं. साबणाने. अजून लाल आहे.

रवि. २६, रात्री

पाइहियाहून तीन तास वर, तीन तास परत खाली. कोणी विचारलं नाही, तू दमलास का.

केप रेइंगा. लिहायला पाहिजे की सुंदर आहे. दोन समुद्र एकमेकांवर येतात, मध्ये फेसाची तिरकी रेघ, पांढरं दीपगृह, खाली कड्यावर एकटं जुनं पोहुतुकावाचं झाड. माओरी म्हणतात, माणूस गेला की त्याचा आत्मा ह्या झाडापाशी येतो आणि मुळांवरून समुद्रात उतरतो. म्हणून इथे काही खाऊ-पिऊ नका, असं वाटेवर स्पष्ट लिहिलंय.

दीपगृहापासून वीस पावलांवर मुलाच्या आईने चकल्यांचा डबा उघडला.

मी म्हणालो, "काकू, इथे खायचं नसतं."

"अरे, एक चकली. कोण बघतंय?"

"पाटी आहे तिथे."

मुलाचे बाबा चकली चावत म्हणाले, "हे आपल्यासाठी नसतं रे. त्यांच्या लोकांसाठी असतं."

मग मी ओरडलो. काय काय बोललो आठवत नाही सगळं. "तुमच्या देवळात कोणी चपला घालून चिकन खाल्लं तर?" एवढं आठवतंय. एक गोरी म्हातारी जोडी थांबून बघायला लागली. सुधीरकाका दात दाबून, "निखिल. पुरे." हे म्हणे लोकांसमोर ओरडत नाहीत. खरंच नाही ओरडले. त्याने जास्त लागलं.

डबा बंद झाला. सौरभने खाली पडलेला तुकडा उचलून खिशात ठेवला, मला हळूच म्हणाला, "सॉरी यार. बरोबर बोललास." त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

आणि मु.? मु. दीपगृहाच्या कठड्याशी उभी, केस तोंडावर, समुद्राकडे बघत. मी बघितलं तिच्याकडे. आत्ता सांग. रेइंगा आलं. आता पुढे जमीन नाही. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "निखिल, राग सोड आणि मुग्धा-सौरभचा एक छान फोटो काढ. पुण्याला आजीला पाठवायचाय."

काढला. तीन काढले. पहिल्यात तिचे डोळे मिटले होते.

सांगितलं नाही तिने.

सोम. २७

परतीला केरीकेरी. स्टोन स्टोअर. देशातली सगळ्यात जुनी दगडी इमारत म्हणे, दोनशे वर्षंही नाहीत. मुलाचे बाबा, "एवढंच? आमच्या गल्लीतला हौद ह्याहून जुना आहे." पहिल्यांदा त्यांचं पटलं. आत खिळे, घोंगड्या, काचेच्या बरणीत गोळ्या. दोन्ही आया गोळ्यांपाशी. बाबालोक बाकावर.

मी आणि मु. नदीकाठी. पाच मिनिटं. बदकं होती. सगळीकडे त्यांची घाण.

"ओवाळलंस कशाला?"

"आई बशी हातात देऊन उभी राहिली सगळ्यांसमोर. मी काय करू?"

"नाही म्हणायचं!"

"काय म्हणून नाही? कारण काय सांगू, तिथे, त्या लोकांसमोर?"

"खरं सांगायचं. त्यासाठीच तर आलो ना आपण?"

मग म्हणाली, "तू का बसलास?"

"काय?"

"टॉवेलवर. तू का बसलास, निखिल? तू उठून जाऊ शकत होतास. सगळीकडून उठून जातोस. तिथेच बरा बसलास."

एक दगड बदकांवर मारला. लागला नाही. ती चिडून निघून गेली.

ऑकलंडपर्यंत कोणी बोललं नाही. बोलले असतील, मी ऐकलं नाही. हिल्सबरोला त्यांना घरी उतरवलं. काकू म्हणाल्या, "किती केलंस रे आमच्यासाठी. भाऊ असावा तर असा."

त्यांना आमचं माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. पैज लावून सांगतो.

गुरु. ३०

मु.चा मेसेज: "त्यांच्याकडून होकार आलाय. शनिवारपर्यंत सांगायचंय. प्लीज आत्ता येऊ नकोस."

चार वेळा टाइप केलं, चार वेळा पुसलं. मग "ओके" पाठवलं. ओके!

दुकानात एका बाईंना मैद्याऐवजी बेसन दिलं. त्या चिडल्या. मी त्यांच्यावर चिडलो. मालक म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे.

शनि. १ नोव्हें.

काकूंचाच फोन. "ट्रिपचे फोटो घेऊन ये, दुपारी चहाला." गेलो. नवा शर्ट घालून गेलो, मूर्खासारखा.

हिल्सबरोचं घर. चपला बाहेर, कार्पेट मऊ. सुधीरकाका सोफ्यावर, खुशीत. मु. स्वयंपाकघराच्या दारात, केस बांधलेले, डोळे सुजलेले. म्हणजे काहीतरी झालंय इथे. बोलली असेल. नसेलही.

सुधीरकाका म्हणाले, "ये रे! लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान तुझा बरं का. सौरभचे कान मोठेत, सोपं जाईल." एकटेच हसले.

म्हणजे नव्हती बोलली.

काकूंनी चहा ठेवला. शंकरपाळ्यांची वाटी ठेवली. मी फोटोंचा पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "काकू, मी मुग्धाचा भाऊ नाही."

"अरे, मानलेला."

"मानलेला पण नाही. मी त्या दिवशी बसायला नको होतं. चुकलो. मला मुग्धाशी लग्न करायचंय. दीड वर्ष झालंय आम्हाला."

सुधीरकाकांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी काकूंकडे बघत होतो. त्या जराही दचकल्या नाहीत. वाटी माझ्याकडे सरकवली. "चहा घे. गार होतोय."

तेव्हा जी शिसारी आली! त्या गोड आवाजाची, वाटीची, ह्या घरात काहीही बोललं तरी वर साय धरते त्याची. सुधीरकाका अखेर ओरडले, "कॉलेज अर्धवट, नोकरी वाण्याकडे, आणि हिंमत बघा!" खरं होतं सगळं. मी म्हणालो, "हो काका. खरंय. फेब्रुवारीत परत ॲडमिशन घेतोय. पण तुम्ही मला नका विचारू, तिला विचारा." ॲडमिशनचं त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

सगळे मु.कडे बघायला लागले. मी पण. दाराची चौकट तिने घट्ट धरली होती. माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडेही नाही. आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आई..."

पुढचं वाक्य माझ्यासमोर यायला नको होतं. हो असो की नाही. मी तिथे उभा राहिलो असतो तर ते माझ्या तोंडाकडे बघून आलं असतं, तिचं स्वतःचं नसतं. मी उठलो. चहा तसाच. बाहेर आलो, चपला बोटांत अडकवल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही.