गोजरबाईचे सहा डोस

जुळे सोलापूर,
शनिवार

तीर्थरूप गोजराआत्याला वैजयंतीचा नमस्कार. तब्येत कशी आहे? जेवण जातं का? शेळ्या बऱ्या आहेत ना? (त्यांचं शेवटी विचारलं, राग मानू नकोस.) फोनवर मी दवाखान्याचं नाव काढलं की नेमकी तुझी रेंज जाते, म्हणून पत्र लिहिते आहे. आप्पा वाचून दाखवतील. (आप्पा, मधलं गाळायचं नाही.)

इथे माझं डोकं उठलंय. दवाखान्यात नवं सॉफ्टवेअर आलंय आणि प्रत्येक केमोला एकच नाव, एकच कोड पाहिजे म्हणून हटून बसलंय. मी औषधांच्या काउंटरवर, म्हणून नावं जमवायचं काम माझ्या गळ्यात. आता तुझीच तीन औषधं घे. मोठे डॉक्टर त्यांची आद्याक्षरं जोडून एफएसी लिहितात, धाकटे तीच फिरवून सीएएफ, आणि डॉ. सिद्धराम चिठ्ठीवर नुसतं 'नेहमीचं' लिहून सही ठोकतात. कोणाचं नेहमीचं? कॉम्प्युटरला ते तीन वेगळे प्रकार वाटतात, तो तिन्हींसाठी मागणी करतो आणि फ्रिज उघडला की बाटल्या अंगावर येतात. शिवाय नावांच्या या घोळात एक दिवस भलतीची बाटली भलतीला लागेल, या धास्तीने मला घास उतरत नाही.

म्हणून बैठक झाली. पहिलं अक्षर कोणतं, यावर दोघे डॉक्टर दुपारभर भांडले. जो जिथे शिकला तिथलंच खरं. (भजी तेवढी एकमताने संपली.) शेवटी वैतागून मी दानम्मा सिस्टरना विचारलं, वॉर्डात तुम्ही काय म्हणता? त्या म्हणाल्या, "आमी गोजरबाई म्हणतो की." झालं! वॉर्ड उघडल्यावर ही केमो पहिल्यांदा तुला लागली, आणि ते लाल औषध बघून तू असा दंगा केलास की तेव्हापासून 'गोजरबाईला दिलं ते' हेच नाव पडलं. एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारी तानाबाई तर परवा काउंटरवर ठणकावून म्हणाली, "मला गोजरबाई चालू हाय, दोन झाल्यात!" तर आता कॉम्प्युटरात असं गेलंय: नाव एफएसी, वॉर्डातलं नाव गोजरबाई, डोस सहा, दर तीन आठवड्यांनी. तिघांनीही सह्या केल्या आणि मी सुटले.

आप्पांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझी,
वैजयंती

ता. क. : कोड चालतो का बघायला टाकला, तर पहिलं नाव तुझंच आलं. डोस चार, अपूर्ण. जिच्या नावाने सगळा वॉर्ड सहा घेतोय, ती स्वतः चारावरच उठली आणि शेळ्या व्यायल्या म्हणून गावी जाऊन बसली! गेल्या गुरुवारी तुझी खुर्ची रिकामी होती. उलट्यांनी तुझे काय हाल झाले ते मी पाहिलंय. डॉक्टर त्यावरची गोळी बदलून देणार आहेत. पण तू आली नाहीस तर? मला फार भीती वाटते गं, आत्या.

दुसरा ता. क. : तानाबाई विचारत होती, "गोजरबाईनं सोडलं असंल, तर आमी कशाला घ्यायचं?" मी सांगून बसले की तू या गुरुवारी येतेयस. तानाबाई आपल्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवणार आहे. शेळ्या आप्पा बघतील. (आप्पा, हे जरा मोठ्याने वाचा.)