तिसरा बार

आल्पमाटेन, ४ ऑगस्ट १८८७

ती. क्रेझेन्सताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपला धाकटा उद्या दोन इंग्रजांना घेऊन ग्रामहोर्नवर निघतोय. लग्न महिन्यावर आलंय. म्हटलं, पीरमिन, पाय शाबूत ठेव, नवरदेवाला नाचावं लागतं. तर म्हणतो, दादा, तू आपला दुर्बिणीतूनच डोंगर चढ!

खोटं नाही. गुडघा गेल्यापासून मी हॉटेलच्या गच्चीवर दुर्बीण आणि तोफ सांभाळतो. शिखरावर जितकी माणसं दिसतील तितके बार. एक जरी कमी झाला, तर गाव दोर घेऊन धावतं. मालकाच्या मते मात्र तोफ शॅम्पेन खपवण्यासाठी असते.

लोभ आहेच, तो राखून ठेव.
थिओडुल

ब्रिग, ८ ऑगस्ट

चि. थिओडुल यास अनेक आशीर्वाद.

टपालगाडीवाला सांगत होता, परवा तीन बार झाले. जीव भांड्यात पडला! पीरमिनचा लग्नाचा कोट मी पुन्हा उसवलाय. स्वारी छाती फुगवून उतरणार, बटणं तुटायची. तुझी मात्र एक ओळ नाही. कान धरायला यावं लागेल का?

दोघांवर माझी माया आहे. त्याच्यावर थोडी जास्त, रागावू नकोस.
क्रेझेन्स

आल्पमाटेन, ११ ऑगस्ट

ताई,

कोट शिवू नकोस. पीरमिनला काल पुरलं.

सहा तारखेला दुर्बिणीत दोनच दिसले. मी थांबलो होतो. मालक म्हणाला, अरे, वाटाड्या दोर धरून बर्फाआड असेल, पाहुण्यांचे पेले भरलेत, उडव तिसरा. मलाही तेच हवं होतं. उडवला. गाव नाचलं. दोर खुंटीलाच राहिले.

दोन दिवसांनी इंग्रज तेवढे उतरले. शिखराखाली शंभर पावलांवर पीरमिनचा पाय मोडला होता. त्यानेच त्यांना वर पिटाळलं होतं. म्हणाला, तुम्ही खाली पोहोचेपर्यंत मी गोठेन; त्यापेक्षा वर जाऊन उभे राहा. दोघंच दिसले की दादा दोनच बार काढेल, उजाडता उजाडता गाव इथे येईल.

ते परतले तेव्हा तो बार मोजून बसला होता. त्यांना उतरायची वाट नीट समजावली आणि एवढंच म्हणाला, दादाला सांगा, तिन्ही स्वच्छ ऐकू आले.

लोभ मागत नाही.
थिओडुल