आबांचा सुटातला फोटो

३ फेब्रुवारी
आबा नाहीत! सकाळी मी आंघोळीला गेलेलो, बायको उत्तरा पूजेत, दार नुसतं लोटलेलं. ब्याऐंशी वय. हल्ली मला, पोटच्या मुलालाही धड ओळखत नाहीत. पोलिसांत गेलो. हवालदार म्हणाला, "फोटो चांगला द्या." दिला — पंच्याहत्तरीचा, सूट-टायमधला.

४ फेब्रुवारी
ठाण्यात वर्तकनगर ते नौपाडा पोस्टरं लावली. एक फोन नाही.

६ फेब्रुवारी
गावच्या गुरवाला फोन केला. देवीला कौल लावला त्याने. म्हणाला, "उजवं फूल पडलं. आहेत, पूर्वेला शोधा." पूर्वेला म्हणजे कुठे? अख्खा देश पूर्वेला आहे! तरी डोंबिवली पूर्व पालथी घातली. पण 'आहेत' म्हणताना त्याचा आवाज अडखळला. दुकानात 'फिरून येतो' म्हणणारं गिऱ्हाईक परत येणार नाही, हे माझ्या ज्या कानांना कळतं, त्यांना हेही कळलं. फूल पडलंच नसणार.

१० फेब्रुवारी
आज शवागार. तीन चादरी वर केल्या. आबा नव्हते. कुणाचे तरी होतेच.
उत्तराने रात्री आबांचं ताट घेतलं नाही.

१२ फेब्रुवारी
सोसायटीत झाडू मारणाऱ्या हौसाबाईंनी पोस्टरपाशी थांबवलं.
"दादा, हा कोन सायेब?"
"अहो, आबा!"
"आगं बया! आबा तर बनियनवर असायचे. ह्याला कोन वळखनार?" मग म्हणाल्या, "रोज माजी कचऱ्याची गोन उचलू लागायचे. वर मलाच वरडायचे — पाठीनं नको बाई, मांडीनं उचल!"
मी तिथेच पायरीवर बसलो. हे हमालाचं बोलणं! आबांनी तीस वर्षं कल्याणच्या घाऊक बाजारात गोणी वाहिल्या. माझं फरशीचं दुकान चालायला लागलं, तसं मी लोकांना सांगू लागलो — वडील धान्याचे व्यापारी. आबा शेजारी बसून मान डोलवायचे.
देवीला फोनवरून विचारत होतो. ती रोज माझाच जिना झाडत होती!
उद्या कल्याण. आशा नाही. दहा दिवस झाले, या वयाचं माणूस... पण जाणार.

१३ फेब्रुवारी
सापडले. कांद्याच्या वखारीत, हमालांच्या घोळक्यात भाकरी खात होते. धावत जाऊन पाय धरले. दचकून उठले, हात जोडले —
"शेठ, माल कुठे उतरवायचा?"