गिरणाकाठ यांची जुनी उत्तरं

अहो,

तुमची चूक काढायला गेले आणि चारचौघांत तोंडघशी पडले. आज सकाळचीच गोष्ट. असं काही झालं की आधी तुम्हाला सांगायचं, ही सवय अजून गेलेली नाही. म्हणून पोळ्या उरकल्या, दार लावून घेतलं आणि तुमच्या खिडकीजवळच्या टेबलाशी लिहायला बसले आहे.

कुठे पडले ते विचारा ना. तुमच्या त्या 'फंक्शनल कट्ट्या'वर!

हो, सापडला मला तो. तुमच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला चांगला फोटो हवा होता. अमृता नाशिकहून फोनवर म्हणाली, "आई, बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये बघ, असेल." मला वाटलं, पासवर्डाशी अडणार. पण तो कीबोर्डच्या खालीच चिकटवलेला होता, तुमच्या त्या रेखीव अक्षरात. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस कुलूप लावतो आणि किल्ली कुलपालाच बांधून ठेवतो. बसल्या जागी हसू आलं.

फोटो मिळाला. माझ्या बहिणीच्या मुलीच्या लग्नातला, फेट्याचा. पण तो शोधताना हा कट्टा उघडला. मराठी मुलामुलींनी इंटरनेटवर चालवलेला, प्रोग्रामिंगच्या गप्पांचा. तिथे 'गिरणाकाठ' नावाने कोणीतरी पानंच्या पानं लिहिली होती. लोक त्याला 'नाना' म्हणत होते. दोन उत्तरं वाचली आणि कळलं, हे आपलं गिरणेकाठच्या भडगावचं पाणी. "हे बघा, घाई करू नका," हे पालुपद दुसऱ्या कुणाचं असणार?

मला वाटायचं, निवृत्तीनंतर तुम्ही दुपारभर बुद्धिबळ खेळता. आणि तुम्ही तर साठीला आल्यावर हास्केल ही कॉम्प्युटरची भाषा शिकून इतरांना शिकवत होता. सहा वर्षं! आपल्या लग्नाला छत्तीस झाली आणि मला त्यातली सहा माहीत नाहीत.

खरं सांगू? आधी रागच आला. मोबाइलवर फोटो कसा पाठवायचा हे मी तुम्हाला तीनदा विचारलं, तर तिसऱ्यांदा तुम्ही फोन माझ्या हातातून घेतलात, स्वतःच पाठवून टाकलात आणि "झालं" म्हणालात. आणि इकडे कोण कुठला मुलगा पाचव्यांदा तेच विचारतो, तर तुम्ही लिहिता, "हरकत नाही, आता दुसऱ्या बाजूने पाहू." ही दुसरी बाजू मी छत्तीस वर्षांत कधी पाहिली नाही. एवढा धीर तुम्ही घराबाहेर वाटत होतात आणि घरात मात्र भाजीत मीठ कमी पडलं तर लगेच ताट सरकवायचात.

दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी परत उघडला. राग होताच, पण तुम्ही तिथे बोलत होता ना. तुमच्याच आवाजात. दुसरीकडे कुठे ऐकणार होते मी तुम्हाला?

मग वाचत गेले. आधी फक्त तुम्हाला वाचत होते, पण हळूहळू तुम्ही काय सांगताय तेही कळायला लागलं. सगळं काम लहान लहान फंक्शनांत वाटायचं. प्रत्येकाने हातात आलेल्या वस्तूवर आपापलं काम करायचं आणि पुढच्याला द्यायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. तेच दिलं तर तेच मिळालं पाहिजे, आज असो की उद्या. बारावीपर्यंत गणित माझंही चांगलं होतं हो. चोपड्याला शाळेत आमच्या बाईंनी मला फळ्याजवळ उभं करून मुलांना गणित सोडवून दाखवायला लावलं होतं. हे मी तुम्हाला लग्नानंतर सांगितलं होतं, आठवतं का?

एकदा दिलेली किंमत बदलायची नाही, यावर मी आठ दिवस अडले. बदलायचीच नाही तर काम पुढे कसं जाणार? तुमचं उत्तर सापडलं: "जुनं पान फाडायचं नाही. शेजारी नवीन लिहायचं." हे तुम्हाला शोभतं. घरातली एकही जुनी वही कधी रद्दीत जाऊ दिली नाहीत.

माझा पहिला प्रोग्राम सांगू? गल्लीतल्या बायकांच्या नावांची यादी केली आणि प्रत्येकीच्या नावापुढे 'अक्का' लावलं. एका ओळीत अकरा अक्का. शेजारच्या मालतीबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "मी तुमच्यापेक्षा लहान आहे." अमृताला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, विरंगुळा हवा असेल तर भजनी मंडळात जा ना." म्हटलं, जाते की, मंगळवारी. हे बाकीच्या दिवसांसाठी.

पण या सगळ्यात एक गोष्ट टोचत राहिली, आणि तेच तुम्हाला विचारायचं होतं. मला का नाही सांगितलंत? मला जमणार नाही असं वाटलं का? जगाला समजावत होतात, मग मीच कुठे कमी पडले?

तुम्ही एकदा सुरुवात केली होतीत, हे मी विसरलेले नाही. मी गॅसवर वांगी भाजत होते, फोनवर अमृता होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "शोभा, एक गंमत सांगू?" मी हातानेच 'थांबा' म्हटलं. तुम्ही थांबलात, थोडा वेळ उभे राहिलात आणि परत गेलात. जेवताना मी विचारलं, कसली गंमत, तर तुम्ही भाकरी मोडता मोडता गावाकडच्या बोलीत म्हणालात, "र्‍हाऊ दे वं, तुले कटाळा ई." मला कंटाळा येईल म्हणे. आणि मी राहू दिलं! त्या एका हाताची मला आता फार चीड येते. पण तुम्हीही एकदाच विचारलंत. त्या मुलाला समजावलंत पाच वेळा, आणि मला विचारलंत एकदा.

बरं, आजचं सांगते. तुमचं बिबड्यांचं उत्तर वाचत होते. एक फंक्शन दुसऱ्याला कसं जोडायचं, हे तुम्ही आपल्या उन्हाळ्याच्या वाळवणातल्या ज्वारीच्या बिबड्यांवरून सांगितलं आहे. ओळ अशी होती:

वाळव . थाप . शिजव . कांड . भिजव

वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आधी वाळवायचं आणि शेवटी भिजवायचं? जन्मभर माझ्या हातचे बिबडे खाल्लेत, गच्चीवर कावळे हाकलत बसलात, आणि हे लक्षात राहिलं? चौदा महिन्यांत पहिल्यांदा तुमच्याशी भांडायला मिळालं, म्हणून मी इतकी खूश झाले की अमृताने करून दिलेलं माझं नवं खातं उघडून तिथेच लिहिलं, "नाना चुकले आहेत. यांना बिबडे येत नाहीत. मी यांची बायको, मला येतात."

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. 'कोरडवाहू' नावाची एक मुलगी आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. तुम्ही तिला अगदी पहिल्या धड्यापासून शिकवलंत, आता ती जळगावला नोकरी करते. तिने लिहिलं, "काकू, नाना चुकनात नही. हाई उजवीकडथीन वाचनं पडस."

उजवीकडून! भिजव, कांड, शिजव, थाप, वाळव. अगदी बरोबर होतं. जे आधी करायचं ते शेवटी लिहायचं, अशीच त्या भाषेची रीत. कानशिलं गरम झाली माझी. तरी मीही सोडलं नाही. लिहिलं, "मग यात तिखट, मीठ आणि तीळ कुठे आहेत? अळणी बिबडे घालणार का?" त्यावर सगळा कट्टा हसला. कोरडवाहूने लगेच 'शिजव'च्या आधी एक 'मसाला' जोडून दाखवला आणि म्हणाली, नाना असते तर त्यांनी मान्य केलं असतं. तुम्ही? मान्य?

मग तिने मला एकटीला एक जुनं पान पाठवलं. खाली लिहिलं होतं, "काकू, हे तुम्ही वाचलंय का? माले वाटस, वाचेल नही."

नव्हतं वाचलं. चार वर्षांपूर्वीचं आहे. कुणीतरी तुम्हाला विचारलंय, नाना, तुम्ही इतकं सोपं कसं सांगता? आणि तुम्ही लिहिलंय ते मी इथे जसंच्या तसं उतरवून घेते:

"लिहिण्याआधी मी मनातल्या मनात बायकोला सांगून बघतो. ती लगेच अडवते. परवा मी लिहिलं होतं, फंक्शन म्हणजे पिठाची चक्की. ज्वारी टाकली की ज्वारीचंच पीठ येणार, कधीही टाका. ती म्हणाली, असं कसं? आपल्या आधी कुणी हरभऱ्याची डाळ दळली असेल तर ती आपल्या पिठात उतरते. तिचं बरोबर आहे. चक्कीला आधीचं आठवत असतं, फंक्शनला आठवायला नको. उदाहरण खोडलं."

त्याखाली एकाने लिहिलंय, मग काकूंनाच आणा ना कट्ट्यावर. आणि तुमचं उत्तर:

"धीर होत नाही. ती खरोखर कंटाळली, तर मनातलीसुद्धा बोलायची बंद होईल."

अहो, हे काय केलंत तुम्ही?

चक्कीचं मी तुम्हाला कधीच म्हटलं नव्हतं. पण म्हटलं असतं. अगदी याच शब्दांत म्हटलं असतं. म्हणजे तुम्ही मला इतकं ओळखत होतात की माझं बोलणं माझ्याआधी तुम्हाला ऐकू येत होतं. मी इतके महिने धरून बसले होते की तुमच्या लेखी मला काही कळत नाही. आणि तुम्ही मला विचारल्याशिवाय एक ओळ लिहीत नव्हता.

पण मनातल्या मनात का? मी शेजारच्या खोलीत होते हो. मधे एक भिंत होती आणि दार उघडंच असायचं. तुम्ही सहा वर्षं तिथे बसून माझ्याशी बोललात, आणि मी इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत, हा माणूस आपल्याशी दोन शब्द बोलत नाही म्हणून कुढत बसले. किती दुपारी वाया गेल्या आपल्या. मी कंटाळले नसते. एखादे वेळी कंटाळले असते तरी दुसऱ्या दिवशी परत विचारलं असतं. एवढं मात्र तुम्हाला ओळखता आलं नाही.

मघापासून रडून झालं आहे. आता शब्द देते, तो ऐका. तुमची सगळी उत्तरं मी पहिल्यापासून वाचणार आहे, या टेबलाशी बसून, मोठ्याने. जिथे पटणार नाही तिथे मोठ्याने अडवणार. मालतीबाईंना काय वाटायचं ते वाटू दे. कट्ट्यावर पाचव्यांदा तेच विचारणारं कुणी आलं तर त्याला दुसऱ्या बाजूने सांगेन, आणि सांगण्याआधी तुम्हाला विचारेन. तेही आवाज काढून, नाव घेऊन. मनातल्या मनात आता एक अक्षर नाही.

तुमची,
मनातली नव्हे, खरी
शोभा