कोलंबोची बातमी, नाशकातून

५ मे, सोमवार

परत घोळ! नाशिकरोडच्या घरी पंख्याखाली बसून, कोलंबोतल्या ओळखीच्यांना फोन करकरून तिथल्या बंदरावरच्या संपाची बातमी लिहिली. पेपरने छापताना वर ठळक — 'कोलंबो, ता. ४'. मुंबईला डेस्कवरच्या किशोरला फोन केला. "अगं, परदेश प्रतिनिधी नाशकातून लिहितेय असं छापू? लोक हसतील!" हसू देत की! व्हिसा संपलाय, नवा मिळाला की जाईनच. सहा वर्षं तिथं उन्हातान्हात फिरले, तेव्हा ह्याच माणसाने माझ्या निम्म्या बातम्या कापल्या.

७ मे

शेजारच्या सुलाबाई पेपर घेऊनच आल्या. "राखी, तू तर हितं भाजी निवडती, मग पेपरात कोलंबो कसं काय गं?" काय सांगणार, कपाळ!

वडिलांचे, म्हणजे नानांचे, पेन्शनर मित्रही फोन करून तेच विचारतात. शेवटी नानांना बजावलं — फोनवर कोणी विचारलं तर ठोकून द्या, ती कोलंबोत आहे. पेपरची लाज मीच राखायची!

९ मे

लाइट नाही. व्हिसाचा पत्ता नाही. आई गेल्यापासून स्वयंपाक नानाच करतात, आज तिसऱ्यांदा पिठलं.

१२ मे

डोकं फुटायची वेळ आलीय! मी अंघोळीला गेले आणि व्हिसावाल्यांचा फोन. अर्जावर नानांचा नंबर दिला होता. मी सध्या भारतात आहे का, एवढंच विचारायचं होतं त्यांना. आणि नाना? "ती कोलंबोतच हाय. पेपर वाचत नाय का तुम्ही?" वर बातमीची तारीखसुद्धा वाचून दाखवली! कुरिअरवाल्याला दारात उभं करून दहा प्रश्न विचारणारे हे!

१४ मे

अर्ज फेटाळला. व्हिसा नसताना तिथं राहून वार्तांकन केलं म्हणे. पुरावा — माझ्याच पेपरची बातमी!

किशोरला म्हटलं, चूक झाली असं दोन ओळींत छाप, मी पुन्हा अर्ज करते. "संपादक नाही म्हणतात. तिकडे आता दुसऱ्याला पाठवतोय." किती सहज म्हणाला! सहा वर्षांचं काम गेलं. नानांशी अबोला धरलाय.

१५ मे

नानांनी ताट वाढलं आणि समोर बसले. "फोन व्हिसावाल्यांचा हाय, हे मला कळलं होतं."

मी ताट बाजूला सारलं.

"आईच्या मयतीला तू कोलंबोत, मोबाइलवर होतीस, राखी. माझ्या मयतीला हितं पाहिजेस."

असा राग आला! आणि तरी त्यांच्यासमोरून उठवेना.